ट्रकच्या आधीचे तीन शनिवार: मुलांची खेळणी लिलावात काढताना

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका ताईंनी विचारलंय: मेच्या शेवटच्या रविवारी बदलीमुळे बिऱ्हाड पुण्याला हलवायचं आहे. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची. घरात तीन खोकी भरून खेळणी, एक बॅटरीवर चालणारी जीप आणि एक उभा प्लास्टिकचा किचन सेट आहे. ‘ऑनलाइन लिलावात काढली तर घातलेल्या पैशांतले निम्मे तरी सुटतील का, आणि बोली कितीपासून सुरू करू?’

निम्म्याचं आधी सांगून टाकते. सगळ्याचे मिळून निम्मे सुटणार नाहीत. दोन-तीन वस्तूंचे निम्म्याहून जास्त येतील, बऱ्याचशांचे पाव येतील आणि उरलेल्या फुकट द्याल तेव्हा घेणाऱ्याचे आभार मानाल. इथल्याच शहापुरात बसून मी बारा वर्षं मुलांच्या वापरलेल्या वस्तू विकते आहे. आधी माझ्या मुलांच्या, मग जावेच्या, मग ओळखीपाळखीच्या. घर हलवताना केलेल्या विक्रीत दरवेळी एकच दिसलं. माणूस किमतीचा विचार करत बसतो आणि तारीख निघून जाते. तुमची अडचण खेळण्यांच्या भावाची नाही. ठरावीक दिवसाच्या आत ठरावीक जागा रिकामी व्हायला हवी, ही आहे.

त्यातही तुमची खरी तारीख ट्रकची नाही. सामान हलवणाऱ्यांचा माणूस त्याआधी घर बघून जातो. तो वजन विचारत नाही, जागा मोजतो. त्या दिवशी जीप हॉलमध्ये उभी असेल तर ती त्याच्या हिशोबात बसते, मग नंतर विकली तरी भाडं कमी करून घ्यायला पुन्हा वाद. म्हणून तो येण्याआधी मोठी धुडं बाहेर. आणि शेवटचा आठवडा बांधाबांधीत जातो, त्या आठवड्यात दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायलाही फुरसत नसते. एप्रिल संपत आला म्हणजे कामाचे शनिवार तुमच्याकडे तीनच उरले असं धरा.

शनिवारच का, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण तुम्ही बदलीवर आलेल्या दिसता म्हणून सांगते. बेळगावचा आठवडी बाजार शनिवारी. खानापूरकडची, हुक्केरीकडची माणसं त्या दिवशी काही ना काही कामाने शहरात असतात. सुरुवातीला मी लिलाव रविवारी रात्री बंद करायची, सगळे मोकळे असतात म्हणून. बोली यायची, पण वस्तू न्यायला कुणी यायचं नाही. ‘पुढच्या बाजाराला येतो, ठेवा की ताई.’ म्हणजे सहा दिवस वस्तू माझ्याच घरात, आणि तेवढ्यात घेणाऱ्याचं मन बदलायचं. गुरुवारी रात्री नऊला बंद करायला लागल्यापासून शुक्रवारी पैसे आणि शनिवारी वस्तू बाहेर. एवढ्या एका बदलाने माझ्या मोडलेल्या बोली जवळजवळ थांबल्या.

आता लिलावाचं. घरबसल्या बोलीने वस्तू विकायची सोय आपल्याला बाझी डॉट कॉम या साइटवर मिळाली, आणि ती विकत घेऊन ईबे २००४ मध्ये भारतात आलं. मीही थोडे दिवस तिथे विकलं. २०१७ मध्ये तो धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. आता ओएलएक्स किंवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर टाकाल तर तो लिलाव नव्हे, घासाघीस आहे. तुम्ही हजार म्हणायचं, समोरून ‘अक्का, लास्ट रेट हेळ्री’ (शेवटचा भाव सांगा) आणि पाचशेवर गाडी अडायची. घरगुती खेळण्यांसाठी लिलाव उरलाय तो व्हॉट्सॲपच्या आणि फेसबुकच्या गटांत: कॉलनीचे, शाळेच्या पालकांचे, छंदवाल्यांचे. आपल्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. मार्केट यार्डातले सौदे किंवा देवळातल्या नारळाचा सवाल ज्याने पाहिलाय, त्याला बोली कशी वाढवायची हे ठाऊक असतं.

लिलावात किंमत कोण ठरवतो? विकणारा नाही आणि जिंकणाराही नाही. दुसऱ्या नंबरचा माणूस ठरवतो. एखाद्याच्या मनात दोन हजार द्यायची तयारी असेल आणि त्याच्याशी भिडणारा सातशेला थांबला, तर वस्तू साडेसातशेला जाते. म्हणजे एखादी वस्तू लिलावात काढावी की नाही, याची माझी कसोटी एकच आहे. ही वस्तू हवीच म्हणणारी, एकमेकांना न ओळखणारी दोन घरं आपल्या टापूत आहेत का? असतील तर लिलाव. एकच असेल तर ठरावीक किंमत सांगून मोकळं व्हावं. एकही नसेल तर ती फोटो काढण्याच्याही लायकीची नाही.

माझी चूक सांगते. पुतणीचं लाकडी बाहुलीघर होतं, दोन मजली, पडद्यांसकट. मला वाटलं उड्या पडतील. बोली तीनशेपासून ठेवली. एका बाईंनी तीनशे म्हटलं आणि त्यानंतर तीन दिवस गट गप्प. गुरुवारी नऊ वाजता तीनशेलाच द्यावं लागलं. त्या बाई शनिवारी न्यायला आल्या तेव्हा हसत म्हणाल्या, आठशे म्हटलं असतं तरी घेतलं असतं. हवं असणारं घर एकच होतं आणि मी त्याला लिलावात नेलं. त्याच आठवड्यात लेगोचा डबा होता. वजन सव्वादोन किलो, सूचनापुस्तिका नाहीत, काही तुकडे दुसऱ्याच कंपनीचे. चारशेपासून सुरू केला. दोन बाबा लोक त्यात असे शिरले की सोळाशे पन्नासला थांबले. त्यातल्या एकाला मूलच नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

म्हणून तुमच्या खोक्यांत आधी हे शोधा: लेगो, धातूच्या छोट्या गाड्या, चालू स्थितीतली रिमोटची गाडी, सगळे तुकडे असलेले बोर्ड गेम, आणि लाकडाचं जे काही असेल ते. लाकडाला आपल्याकडे घरचे लोक किंमत देत नाहीत. गोकाकची लाकडी खेळणी किंवा चन्नपट्टणची लाखेच्या रंगातली चकचकीत खेळणी माळ्यावर पडलेली असतात आणि नातवंडांना बॅटरीचं हवं असतं. पण इथून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं त्यांच्यासाठी हळवी होतात. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, तो उल्लेख मजकुरात करा. पांगुळगाडा असेल तर तो वेगळा काढा. चालायला शिकणारं मूल कुठल्या ना कुठल्या घरात असतंच, आणि आज्जीलोक त्यासाठी नातवापेक्षा जास्त हट्ट धरतात. पितळेची भातुकली मात्र विकू नका. मोडीच्या भावात जाईल आणि पुढे दहा वर्षांनी तुमची मुलगी त्याबद्दल विचारेल.

मऊ खेळणी, निम्मे तुकडे हरवलेली कोडी, फास्ट फूडसोबत मिळालेल्या भानगडी, यांचा लिलाव करू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर मऊ खेळण्यांना जो कुबट वास बसतो, तो घरच्यांना येत नाही आणि परक्याला दारातच येतो. ती धुऊन वाळवून द्यायची. जवळच्या अंगणवाडीतल्या ताईंना आधी विचारा काय चालेल. त्या स्पष्ट सांगतात. मोडकं असेल ते तिथे नेऊ नका.

बोली कितीपासून, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी तीन आकडे लिहून काढते. आज ती वस्तू नवी केवढ्याला मिळते. तशीच वापरलेली वस्तू लोक कितीला विकायला बसलेत (हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे, त्यामुळे त्यातून बरंच वजा करायचं). आणि कितीला गेली तर मला वाईट वाटणार नाही. बोली तिसऱ्या आकड्यापासून सुरू करायची. एक रुपयापासून सुरू करून गर्दी जमवायची युक्ती शेकडो लोक बघत असतात तिथे चालते. साठ माणसांच्या गटात एक रुपयाला वस्तू द्यायची तयारी नसेल तर एक रुपया लिहू नका. आणि मनात एक आकडा ठेवून ‘एवढ्याच्या खाली देणार नाही’ असं शेवटी सांगणं तर नकोच. एकदा तसं केलंत की पुढच्या वस्तूवर कुणी बोलत नाही. बेळगाव काही एवढं मोठं नाही.

याच कारणाने दिरा-भावाला सांगून बोली चढवू नका. गटात नंबर दिसतात, आणि तो नंबर कुणाचा हे सांगणारी एखादी वहिनी त्याच गटात असते.

मजकुरात काय लिहावं? वस्तू, मुलाने किती वर्षं वापरली, काय बिघडलंय, सुरुवातीची बोली, कमीत कमी वाढ (पाचशेच्या खालच्या वस्तूला वीस रुपये, वर पन्नास), बंद होण्याचा दिवस आणि वेळ, कुठून न्यायची. एवढंच मराठीत लिहा आणि खाली कन्नडमध्ये दोन ओळी. शेजारणीकडून लिहून घ्या, ती आनंदाने देईल. कुणी लिलाव म्हणतं, कुणी हराजु, पण आकडा सगळ्यांना वाचता येतो. माझ्या निम्म्या वस्तू कन्नड बोलणाऱ्या घरांत गेल्यात. दुसरी ओळ न लिहिणं म्हणजे ती दुसरी बोली आपणच नाकारणं.

आणखी एक नियम लिहाच: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल. नाहीतर आठ वाजून एकोणसाठ मिनिटांनी कुणीतरी वीस रुपये वाढवतो आणि ज्याला खरंच हवं होतं तो जेवायला बसलेला असतो. त्याची चिडचिड होते आणि तुमचे दोनशे रुपये जातात. जिंकलेल्याने शुक्रवारी दुपारपर्यंत पैसे पाठवले नाहीत तर वस्तू दुसऱ्या नंबरच्याला, त्याच्या आकड्याला. हे आधी लिहिलेलं असलं की नंतर कुणाशी तोंड वाजवावं लागत नाही.

फोटो सकाळच्या उजेडात, साध्या चादरीवर. पहिला फोटो पूर्ण वस्तूचा, दुसरा तिच्या सगळ्यात वाईट भागाचा. तडा लपवला की तो दारात दिसतो आणि तिथे भाव निम्म्यावर येतो. आधी दाखवला तर बोली त्याच्यासकट लागते. मुलांचे चेहरे, शाळेचं नाव असलेलं लेबल, घराची पाटी फोटोत नको. बॅटरीचं झाकण उघडून बघा. गळलेल्या साध्या सेलचा पांढरा थर व्हिनेगरचा बोळा फिरवून निघतो, मग पुसून कोरडं करून नवे सेल घालायचे. बटण सेलचं झाकण सैल असेल किंवा छोटे लोहचुंबक सुटे झाले असतील तर ते खेळणं विकूही नका, देऊही नका. लहान मुलाने गिळलं तर जिवावर बेततं. १ जानेवारी २०२१ पासून नव्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तुमच्या खेळण्यावर ते असेल तर त्याचा जवळून फोटो टाका. तरुण आईबाप हल्ली विचारतात.

पैशांची एक गोष्ट बेळगावात जास्त सांभाळायची. आपल्याकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, कॅम्प आहे, गणवेशावर लोकांचा विश्वास आहे. फसवणारे नेमकं तेच वापरतात. ‘मी मिलिटरीत आहे, आत्ताच जम्मूला पोस्टिंग झालंय, माणूस पाठवून वस्तू नेतो, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील.’ भाव न करता पूर्ण रक्कम द्यायला तयार असतो, तिथेच ओळखा. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. माझ्या एका मैत्रिणीचे असे अकराशे गेले, सायकलच्या बदल्यात. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी परत मिळायची आशा कमी. खऱ्या फौजी घरांबद्दल मात्र माझा अनुभव उलटा. दर दोन-तीन वर्षांनी त्यांचं बिऱ्हाड हलतं, घेणं आणि देणं दोन्ही त्यांना कळतं. नवराबायको स्कूटरवर येतात, वस्तू बघतात, पैसे देतात, पाच मिनिटांत जातात.

कुरिअरने पाठवायच्या फंदात शक्यतो पडू नका. हलक्या पण मोठ्या खोक्याला वजन नव्हे, आकारमान लागतं. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि येईल तितके किलो धरतात. ५० बाय ४० बाय ४० चं खोकं आत कापूस असला तरी सोळा किलोचं होतं. लेगो, धातूच्या गाड्या, लाकडी खेळणी तेवढी पाठवण्यासारखी. त्यातही महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडचं गिऱ्हाईक पुण्याचंच असेल तर वस्तू तुमच्याच ट्रकमधून जाऊ द्या आणि तिथे हातात द्या. खर्च शून्य.

मुलांना विचारा, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही अनगोळहून शहापूरला आलो. त्याने स्वतः लाकडी बैलगाडी विकायच्या ढिगात ठेवली होती. चांगली बोली लागली. शनिवारी खानापूरचे काका न्यायला आले तर एक चाक नाही. सगळं घर शोधलं. हा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला, पान उलटत नव्हता. काकांना कळलं ते माझ्या आधी. ‘चाक सापडलं की फोन करा’ म्हणाले आणि पैसे परत न मागता निघाले. मी धावत जाऊन दिले. चाक मला दिवाळीत उशीच्या अभ्र्यात सापडलं. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला एक रिकामं खोकं देते. त्यात मावेल ते त्याचं, त्यावर कुणी काही बोलायचं नाही. बाकीच्याचे पैसे निम्मे त्याचे. निम्मे मिळणार म्हटल्यावर मुलं फोटोही काढतात आणि तुकडेही मोजतात.

दिवाळीच्या किल्ल्याचे मावळे, तोफा, महाराज ढिगात असतील तर मेमध्ये विकू नका. आता त्यांना कुणी विचारणार नाही, दसऱ्यानंतर मागणी येते. आणि पुण्यातही मुलं किल्ले करतात, चपलेच्या डब्यात मावणारं सामान आहे, घेऊन जा.

तुमच्या बाबतीत तीन शनिवार असे घालवा. या आठवड्यात जीप आणि किचन सेट, कारण जागा त्यांनी अडवली आहे. किचन सेटला लिलाव नको. नव्याच्या पावपट किंमत सांगा आणि पहिल्या ‘हो’ला द्या. पुढच्या आठवड्यात लेगो, गाड्या, लाकडी खेळणी, प्रत्येकाचा वेगळा लिलाव पण सगळे गुरुवारी नऊला बंद, म्हणजे एकच माणूस दोन-तीन वस्तू नेतो. तिसऱ्या आठवड्यात जे उरेल त्याचे पिशवीवारी गठ्ठे, दोनशे रुपयांना एक पिशवी, आत काय ते बघून घ्या. मंगळवारपर्यंत जे जाणार नाही ते अंगणवाडीत.

जीपला लिलाव लावा, तिच्यावर दोन घरं नक्की भांडतील, पण ती चालताना दिसली पाहिजे. या जीपांमध्ये बहुतेक ६ किंवा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. वर्षभर चार्ज न करता पडून राहिली की ती बसते. आज रात्री चार्जिंगला लावा. उद्या चालली तर मुलीला बसवून अंगणात एक फेरी, फक्त चाकं आणि जमीन दिसेल असा वीस सेकंदांचा व्हिडिओ. नाही चालली तर नवी बॅटरी विकत घेऊन विकू नका, तिचे पैसे बोलीतून निघतात असं मला दिसलेलं नाही. ‘बॅटरी बदलावी लागेल, मोटर चालू आहे’ असं लिहा आणि दुकानात तपासून घेतलं असेल तरच मोटरचं लिहा. न्यायला येणाऱ्याला सकाळीच बोलवा. मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि उघड्या टेम्पोत भिजलेल्या जीपचा फोन रात्री तुम्हालाच येतो.